विटलेला रंग आणि विटवलेला रंग

धुळ्यात आग्रा रोडच्या मागच्या गल्लीतल्या एका स्टुडिओत गेल्या लग्नसराईत मी दिवसभर बसून होतो. तिथे एकाच संगणकावर, काही तासांच्या अंतराने, दोन कामं झाली. पहिलं काम शिंदखेड्याकडून आलेल्या एका कुटुंबाचं होतं. आईवडिलांच्या लग्नाचा ऐंशीच्या दशकातला अल्बम. सगळे फोटो लालसर तपकिरी झालेले, हिरवा शालू मातकट दिसत होता. ‘हा लाल रंग तेवढा काढून द्या,’ एवढीच मागणी. दुपारी दुसरं काम आलं, लळिंगच्या किल्ल्यावर काढलेल्या प्री-वेडिंगचं. फोटो लखलखीत, आकाश निळंशार. नवऱ्या मुलाने फोनवर एक नमुना दाखवला आणि म्हणाला, ‘दादा, असा जुन्या अल्बमसारखा टोन पाहिजे.’ स्टुडिओवाल्याने दोन्ही वेळा ‘कर्व्ह’ हीच खिडकी उघडली. सकाळी लाल रंगाच्या रेषेचं डावं टोक त्याने तळावरून आत सरकवलं होतं. दुपारी तेच टोक वर उचललं.

मुद्दाम जुना दिसणारा फोटो हा आता हौशी प्रकार राहिलेला नाही. लग्नाच्या करिझ्मा अल्बमपासून दुकानाच्या जाहिरातीपर्यंत तो सगळीकडे आहे. त्याबद्दल छायाचित्रकार, संग्रहालयांतली माणसं, पत्रकार आणि अभ्यासक गेली पंधराएक वर्षं वेगवेगळ्या बाजूंनी बोलत आहेत. ही चर्चा कुठून सुरू झाली आणि आज कुठे येऊन थांबली आहे, हे खान्देशात बसून पाहण्याचा हा प्रयत्न. खान्देशात बसून का, ते ओघात येईल.

फोटो खरोखर विटतो तेव्हा

आधी मूळ गोष्ट. काळ्यापांढऱ्या फोटोतली प्रतिमा चांदीच्या अतिसूक्ष्म कणांची असते. नीट धुतलेला, कोरड्या जागी ठेवलेला असा फोटो शंभर वर्षंही तग धरतो. रंगीत प्रिंटचं तसं नसतं. डेव्हलपिंगच्या रसायनांत चांदी निघून जाते आणि कागदावर तीन रंगद्रव्यांचे थर उरतात: निळसर सायन, किरमिजी मॅजेंटा आणि पिवळा. या तिघांचं आयुष्य सारखं नाही, आणि विटण्याची सगळी गोष्ट या असमानतेत आहे.

सत्तरच्या आणि ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीच्या बऱ्याच कागदांवर अंधारात आधी जायचा तो सायन. तो लाल प्रकाश शोषून घेतो, म्हणून तो गेला की सावल्यांमध्ये लाली चढते. काळे केस तांबूस दिसू लागतात आणि काळा कोट चॉकलेटी होतो. त्यासाठी ऊन लागावं लागत नाही. बंद कपाटातला अल्बमसुद्धा असाच लाल होतो. उलट भिंतीवर, उजेडात टांगलेल्या फोटोत बहुतेक वेळा मॅजेंटा आधी हार मानतो. स्टुडिओच्या काचेच्या शोकेसमध्ये वर्षानुवर्षं ठेवलेले नमुने निळे-हिरवट झालेले आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. म्हणजे कपाटातलं विटणं वेगळं आणि भिंतीवरचं विटणं वेगळं. त्यावर कागदाचा स्वतःचा पिवळेपणा येतो. थरात उरलेली रसायनं काळानुसार पिवळी पडतात आणि पांढरं धोतर साईसारखं दिसू लागतं.

उष्णतेने हे सगळं वेगाने होतं. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. पत्र्याच्या छताखालच्या खोलीत, लोखंडी कपाटात ठेवलेल्या अल्बमचं तिथे काय होत असेल ते सांगायला नको. नंतर पावसाळ्याचा दमटपणा येतो. अशा दोन टोकांच्या हवेत आपले कौटुंबिक फोटो चाळीस वर्षं राहिलेले आहेत. १९८४ साली कोनिकाने शंभर वर्षं टिकण्याचा दावा करत नवा कागद बाजारात आणला, इतर कंपन्यांनीही सायन सुधारला, आणि नंतरच्या प्रिंट बऱ्याच टिकाऊ झाल्या. म्हणूनच एकाच घरात १९८१चं लग्न लाल दिसतं आणि १९९५चं जवळजवळ जसंच्या तसं.

आमच्या घरातला एक फोटो सांगतो. आत्याच्या लग्नातला, भिंतीवर फ्रेममध्ये पंचवीस-तीस वर्षं होता. दोन वर्षांपूर्वी काच फुटली म्हणून तो बाहेर काढला, तर पुठ्ठ्याच्या चौकटीखाली दबलेली चार मिलिमीटरची पट्टी चारही बाजूंनी वेगळीच निघाली. मधला भाग फिकट, दुधी, चेहरे धुतल्यासारखे. पट्टीवर मात्र मांडवाच्या कापडाचा खरा केशरी रंग अजून होता. डाव्या कडेला कुणाची तरी बाही होती, बाटलीसारखी हिरवी. ती बाही कुणाची, हे घरात कुणालाच सांगता आलं नाही. आजीने फोटो डोळ्यांजवळ नेऊन विचारलं, ‘हाऊ कोन शे?’ प्रश्न मधल्या फिकट चेहऱ्यांपैकी एकाबद्दल होता.

विटणं आधी दोष होता

फोटो फिका पडतो ही तक्रार फोटोइतकीच जुनी आहे. १८५५ साली लंडनच्या फोटोग्राफिक सोसायटीने कागदावरचे फोटो का विटतात हे तपासायला खास समिती नेमली. छायाचित्रण तेव्हा जेमतेम सोळा वर्षांचं होतं. अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा थर दिलेले अल्ब्युमेन कागद त्या काळात सर्वत्र वापरात येत होते. हे कागद कालांतराने पिवळे पडतात आणि प्रतिमेचा उजळ भाग त्यात विरून जातो.

खान्देशाचा या इतिहासाशी थेट संबंध आहे. मेजर रॉबर्ट गिल १८४४ साली अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रतिकृती करायला आला आणि पुढची अनेक वर्षं तिथेच रमला. त्याने तैलरंगांत केलेल्या बहुतेक प्रती १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. पण तोपर्यंत तो कॅमेऱ्याकडे वळला होता. १८६४ साली जेम्स फर्ग्युसनच्या मजकुरासह त्याच्या ७४ फोटोंचं लेण्यांवरचं पुस्तक निघालं. त्यातले फोटो छापलेले नव्हते, प्रत्यक्ष अल्ब्युमेन प्रिंट चिकटवलेल्या होत्या. गिल १८७९ साली वारला. त्याची कबर भुसावळला आहे. आज आपण ज्याला ‘एकोणिसाव्या शतकाचा रंग’ म्हणतो, तो पिवळसर तपकिरी रंग अशा प्रिंटांचा आजचा रंग आहे. गिलने त्या काढल्या तेव्हाचा नाही.

अजिंठ्याचीच आणखी एक गोष्ट इथे लागू पडते. १९२०च्या सुमारास निजाम सरकारने चेक्कोनी आणि ऑर्सिनी या इटालियन तज्ज्ञांना चित्रांच्या जतनासाठी बोलावलं. त्यांनी चित्रांवर शेलॅकचा, म्हणजे लाखेचा, लेप दिला. त्याआधीही व्हार्निश लावून झालेलं होतं. काळाच्या ओघात हे लेप पिवळे-तपकिरी झाले, त्यावर धूळ आणि वटवाघळांची घाण बसली. पिढ्यान् पिढ्या प्रवाशांनी त्या तपकिरी झाकेतून चित्रं पाहिली आणि तोच अजिंठ्याचा रंग अशी समजूत झाली. पुढे पुरातत्त्व खात्याच्या रसायनतज्ज्ञांनी काही भाग काळजीपूर्वक स्वच्छ केले तेव्हा खालून निळे, हिरवे, पांढरे रंग निघाले. जळगाव स्टेशनावर उतरून साठेक किलोमीटर गेलं की हा धडा प्रत्यक्ष पाहता येतो: जुनेपणाचा म्हणून जो रंग आपल्या डोळ्यांत बसतो तो कधी कधी नंतर चढलेला असतो.

सेपियाबद्दलही असाच गैरसमज रूढ आहे. मोबाइलमध्ये ‘सेपिया’ म्हणजे जुनं, जीर्ण. डार्करूममध्ये सेपिया टोनिंग करत ते फोटो टिकावा म्हणून. प्रिंट आधी ब्लीच करायची, मग सोडियम सल्फाइडच्या द्रावणात टाकायची. चांदीचं चांदीच्या सल्फाइडमध्ये रूपांतर होतं, आणि ते मूळ चांदीपेक्षा स्थिर असतं. त्या द्रावणाला सडक्या अंड्यांचा वास येई, म्हणून हे काम खिडक्या उघड्या ठेवून करावं लागे. टिकाऊपणासाठी केलेली ही प्रक्रिया आज नाश दाखवण्यासाठी वापरली जाते. मला या सगळ्या विषयात सर्वांत थक्क करणारी गोष्ट हीच वाटते.

दोषाची शैली कशी झाली

विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत रंग विटणं हे नुकसान मानलं जात होतं. १९८० साली मार्टिन स्कॉर्सेसी यांनी चित्रपटांच्या रंगीत प्रिंट लाल होत असल्याबद्दल कोडॅकविरुद्ध दिग्दर्शकांची मोहीम उभी केली ती याच भावनेतून. उलटा प्रवास सुरू झाला तो डिजिटल कॅमेरा स्थिरावल्यावर. डिजिटल फाइल विटत नाही. ती एक तर उघडते किंवा उघडत नाही. फिकेपणा अशा रीतीने आपोआप येईनासा झाला आणि मग तो हवाहवासा वाटू लागला.

डिसेंबर २००९मध्ये हिप्स्टामॅटिक हे आयफोनवरचं ॲप आलं आणि ऑक्टोबर २०१०मध्ये इन्स्टाग्राम. इन्स्टाग्रामच्या सुरुवातीच्या फिल्टरांपैकी एकाचं नावच ‘१९७७’ होतं. आपल्याकडे हा प्रकार खऱ्या अर्थाने रुजला तो स्वस्त अँड्रॉइड फोनवरच्या स्नॅपसीडमुळे. त्यातली ‘व्हिंटेज’, ‘रेट्रोलक्स’, ‘ग्रेनी फिल्म’ ही साधनं कॉलेजच्या पोरांना तोंडपाठ झाली. नंतर लाइटरूमच्या मोबाइल आवृत्तीबरोबर तयार प्रीसेटांचा बाजार आला. ‘ब्राउन टोन’, ‘मूडी’, ‘फेडेड मॅट’ अशा नावांच्या फायली व्हॉट्सॲपवरून फिरू लागल्या. हुजीसारखं ॲप फोटोच्या कोपऱ्यात १९९८ सालच्या तारखेचा नारिंगी शिक्का उमटवू लागलं. दिवस आणि महिना आजचाच, साल मात्र अठ्ठ्याण्णव.

हे हाताने करायचं तर पायऱ्या फारशा नाहीत. कर्व्हचं डावं टोक शून्यावरून पंचवीस-तीसपर्यंत उचलायचं, म्हणजे २५५च्या मोजपट्टीवर शुद्ध काळं उरत नाही; यालाच स्टुडिओत ‘ब्लॅक लिफ्ट करणं’ म्हणतात. उजवं टोक २४०च्या आसपास खाली घ्यायचं, पांढरं मऊ होतं. सॅच्युरेशन कमी करायचं. मग सावल्यांना एक रंग आणि उजेडाला दुसरा रंग द्यायचा, आणि शेवटी थोडा ग्रेन. बहुतेक तयार प्रीसेट सावल्यांना निळा-हिरवा आणि उजेडाला पिवळा-नारिंगी रंग देतात.

बारकाई इथे हवी. वर सांगितलेलं सायनचं रसायन आठवलं तर कपाटात विटलेल्या खऱ्या प्रिंटच्या सावल्या लाल असतात, निळ्या नसतात. तसा परिणाम हवा असेल तर फक्त लाल चॅनेलचं डावं टोक वर घ्यावं लागतं आणि उजेडाच्या भागात निळा चॅनेल किंचित खाली. ग्रेनचंही तेच. पस्तीस मिलिमीटरच्या रोलवरून काढलेल्या पोस्टकार्ड साइझच्या प्रिंटवर दाणा जवळजवळ दिसतच नाही. ॲप मात्र तो वाळूसारखा पसरतात. बाजारातला ‘जुना फोटो’ असा नीट पाहिला तर खऱ्या जुन्या फोटोपासून बराच दूर असतो. त्यात रासायनिक चुका मुद्दाम घडवून आणणाऱ्या ‘क्रॉस प्रोसेसिंग’चा रंग असतो, पोलरॉइडची मलईसारखी झाक असते, परदेशी समुद्रकिनाऱ्यावरच्या संध्याकाळचा उजेड असतो.

कोण काय म्हणतं

या शैलीच्या बाजूने सर्वांत विचारपूर्वक मांडणी अमेरिकी समाजशास्त्रज्ञ नेथन जर्गनसन यांनी २०११ साली केली. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: आजचा क्षण जुन्या फोटोसारखा दाखवून माणूस त्या क्षणाला भूतकाळाचं वजन देतो. हातात धरता येणाऱ्या, टिकून राहिलेल्या वस्तूची किंमत तो त्या फाइलला उसनी देतो, आणि चालू वर्तमानाकडेच उद्याची आठवण म्हणून पाहायला शिकतो. त्याआधी, २००१ साली, अभ्यासक स्वेतलाना बॉयम यांनी स्मरणरंजनाचे दोन प्रकार सांगितले होते. एकाला हरवलेलं घर जसंच्या तसं पुन्हा उभं करायचं असतं. दुसरा ते घर आता नाही हे जाणून त्या अंतराकडे पाहत राहतो. विटवलेला फोटो यांपैकी कुठला, हा प्रश्न अभ्यासकांत अजून चालू आहे. धुळ्याच्या त्या नवऱ्या मुलाला मी विचारलं, असाच टोन का? तो म्हणाला, ‘आईपप्पांच्या अल्बमशेजारी आमचा ठेवला तर वेगळा वाटायला नको.’ हे उत्तर मला दोन्ही व्याख्यांपेक्षा जवळचं वाटलं. त्याला भूतकाळात परत जायचं नव्हतं; घरातल्या रांगेत उभं राहायचं होतं.

दुसरी बाजू कागदपत्रं सांभाळणाऱ्यांची आहे, आणि धुळ्यात तिला मोठी परंपरा आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात गेले. त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ १९२७पासून तिथे उभं आहे. राजवाड्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे खंड काढताना धरलेला आग्रह सर्वपरिचित आहे: आधी अस्सल कागद, मग त्यावरची मतं. फोटोला हीच कसोटी लावणारे म्हणतात की विटलेपण हासुद्धा पुरावा आहे. कुठला कागद, कुठलं वर्ष, भिंतीवर होता की पेटीत, हे त्या रंगावरून वाचता येतं. नव्या फोटोवर खोटा विटकेपणा चढवला की पन्नास वर्षांनी हा पुरावा गढूळ होईल. जळगावजवळ जैन हिल्सवर मार्च २०१२मध्ये सुरू झालेल्या गांधी तीर्थासारख्या ठिकाणी मूळ कागदपत्रं आणि छायाचित्रं जतन करण्यावर जो भर आहे, तो याच विचाराचा. संग्रहाच्या शिस्तीत स्कॅन केलेली मूळ प्रत अस्पर्श ठेवतात, आणि जी काय दुरुस्ती करायची ती वेगळ्या प्रतीवर.

बातमीच्या छायाचित्रणात हा वाद अधिक तीव्रतेने झाला. ‘न्यूयॉर्क टाइम्स’चे डेमन विंटर यांनी अफगाणिस्तानातल्या अमेरिकी सैनिकांचे फोटो हिप्स्टामॅटिकने काढले आणि २०११ साली ‘पिक्चर्स ऑफ द इयर’ स्पर्धेत त्यांना तिसरं पारितोषिक मिळालं. टीकाकारांनी विचारलं, युद्धाला असा मऊ, जुनाट रंग देणं म्हणजे वाचकाच्या भावनेला आधीच दिशा देणं नव्हे का? विंटर यांचं उत्तर असं की फोटोतलं काही काढलेलं नाही, काही घातलेलं नाही. साधनाची निवड छायाचित्रकार नेहमीच करत आला आहे. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. आज बहुतेक वृत्तसंस्था दृश्यातल्या वस्तू बदलायला बंदी घालतात आणि टोनच्या बाबतीत ‘माफक’ बदलाला मुभा देतात. माफक म्हणजे किती, यावर मात्र एकवाक्यता नाही.

तिसरी बाजू कलावंताची. चाळीसगावच्या केकी मूस यांचं नाव घेतल्याशिवाय खान्देशात ही बाजू मांडता येणार नाही. १९१२ साली मुंबईत जन्मलेल्या मूस यांनी आयुष्यातली कित्येक दशकं चाळीसगावच्या रेल्वे स्टेशनजवळच्या आपल्या घरात, जवळजवळ बाहेर न पडता, काढली. १९८९च्या अखेरीस ते गेले; ते घर आज त्यांचं संग्रहालय आहे. त्यांची ख्याती टेबलटॉप छायाचित्रणाची: टेबलावर साध्या वस्तू मांडायच्या, प्रकाश घडवायचा आणि पाहणाऱ्याला विस्तीर्ण निसर्गदृश्य वाटेल असा फोटो काढायचा. ते दृश्य जगात कुठेच नव्हतं. तरी त्याला कुणी खोटं म्हणत नाही, कारण त्यामागचा हात दिसतो. या बाजूचे छायाचित्रकार म्हणतात, रंग विटवण्यात गैर काही नाही, फक्त तो विटवणाऱ्याने विचार करून विटवलेला असावा. त्यांची तक्रार फिकेपणाबद्दल नाही. एकाच प्रीसेटवर पाचशे फोटो एका दमात ढकलण्याबद्दल आहे.

चौथा मुद्दा कमी बोलला जातो, आणि माझ्या मते तोच आपल्यासाठी सर्वांत महत्त्वाचा आहे. हे प्रीसेट कुणाच्या कातडीवर आणि कुठल्या उन्हात बेतलेले आहेत? रंगीत फिल्मच्या काळात प्रयोगशाळा ‘शर्ली कार्ड’ नावाच्या नमुन्यावरून रंग जुळवत. त्यावर बहुतेक वेळा गोरी स्त्री असे. कॅनडाच्या लॉर्ना रॉथ यांनी यावर सविस्तर लिहिलं आहे. प्रीसेटातही हा वारसा उतरला आहे. काळं उचलून आणि नारिंगी खेचून तयार केलेला ‘फेडेड’ टोन गव्हाळ-सावळ्या चेहऱ्यावर लावला की चेहरा एक तर राखाडी होतो किंवा विटकरीसारखा. रावेर-यावलच्या केळीच्या बागेतला हिरवा रंग त्यात शेवाळी होतो, कारण बहुतेक प्रीसेट हिरवा रंगच दाबतात. केळीच्या बागेत उभ्या असलेल्या वधूवरांच्या फोटोतून केळीच नाहीशी झालेली मी पाहिली आहे. कानबाईच्या उत्सवातला हळदीकुंकवाचा रंगही असाच निस्तेज होतो. आपल्या जुन्या अल्बमांत मात्र हळदीचा पिवळा बऱ्याचदा टिकून असतो. गेलेला असतो तो निळा.

शिवाय आपला जुना फोटो म्हणजे काही एकच गोष्ट नाही. आग्फा क्लिक थ्रीने काढलेले चौकोनी काळेपांढरे फोटो, उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सच्या ‘इंदू’ कागदावर केलेल्या प्रिंट, स्टुडिओत ओठांना आणि गालांना हाताने रंग भरलेले पोर्ट्रेट, मग ऐंशीच्या दशकातले लाल झालेले रंगीत फोटो. या प्रत्येकाचं जुनं होणं वेगळं आहे. तयार प्रीसेटमध्ये यातलं काहीच नसतं.

२०२५चं वळण

सप्टेंबर २०२५मध्ये गुगलच्या जेमिनीमधल्या ‘नॅनो बनाना’ या साधनाने देशभर साडीतल्या जुन्या धाटणीच्या फोटोंची लाट आणली. साधा सेल्फी टाकायचा आणि नव्वदच्या दशकातल्या हिंदी सिनेमासारखी शिफॉनची साडी, केसांत फूल, दाणेदार सोनेरी उजेड अशी प्रतिमा काही सेकंदांत घ्यायची. स्वतःचे फोटो असे कुठेही देऊ नका, असे इशारे पोलीस अधिकाऱ्यांनीही त्या वेळी दिले.

आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने इथे फरक पडला तो मुळातच. प्रीसेट घडलेल्या क्षणाचा रंग बदलत होता. इथे तो क्षणच घडलेला नाही. साडी नेसलेली नाही, ऊन पडलेलं नाही. उलट दिशेनेही तेच होतं. डिसेंबर १९३६मध्ये फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन झालं, खेड्यात भरलेलं पहिलं. नंदलाल बोस यांनी बांबूसारखं स्थानिक साहित्य घेऊन तिथली सजावट केली होती. त्याचे काळेपांढरे फोटो आज कुणीही रंगवून घेऊ शकतो. पण कमानीवरच्या कापडाचा रंग कुठला होता, हे सॉफ्टवेअरला ठाऊक नसतं. ते सरासरी काढतं. २००४ साली ‘मुघल-ए-आझम’ रंगीत झाला तेव्हा निदान ते काम करणारी माणसं होती आणि मूळ आवृत्ती सर्वांना माहीत होती. घरगुती फोटोच्या बाबतीत रंगवलेली प्रत व्हॉट्सॲपवर फिरत राहते आणि मूळ प्रिंट पेटीतच विरत जाते.

अजून न सुटलेलं

नोंदीचा प्रश्न पहिला. फाइलमध्ये कुठला बदल झाला हे लिहून ठेवण्याची सोय तंत्रात आहे, पण व्हॉट्सॲपवरून गेलेल्या फोटोत अशी माहिती सहसा उरत नाही. स्टुडिओवाल्यांनी प्री-वेडिंगची मूळ प्रत ग्राहकाला द्यावी की फक्त टोन केलेली, यावर व्यवहारात एकमत नाही. काही देतात, काही मूळ फाइली वर्षभराने पुसून टाकतात. हार्ड डिस्कची जागा महाग पडते, हे त्यांचं कारण खोटं नाही. त्यामुळे पंचवीस वर्षांनी मुलीला आईच्या शालूचा खरा रंग पाहायचा झाला तर तो कुठेच नसेल, ही भीतीही खोटी नाही.

दुसरा प्रश्न दुरुस्तीचा. लाल झालेला अल्बम सुधारताना तो कितपत ‘नवा’ करावा? शिंदखेड्याच्या त्या कुटुंबाला पहिली प्रत दाखवली तेव्हा मुलगा खूष झाला. आई मात्र म्हणाली की इतका हिरवा नव्हता शालू. तिच्या आठवणीत तो शालू गेली अनेक वर्षं अल्बममधल्याच रंगाचा होता की खरा रंग तिला आठवत होता, हे कुणालाच ठरवता आलं नाही. स्टुडिओवाल्याने हिरवा थोडा उतरवला.

आणि तिसरा, आपल्या भागाच्या विटण्याची नोंद. लाइटरूममध्ये प्रीसेट बनवणं अवघड नाही. खान्देशातल्या घरोघरच्या प्रिंट स्कॅन करून, कुठल्या वर्षाचा, कुठल्या कागदावरचा, कपाटातला की भिंतीवरचा असं लिहून, त्यांचे तिन्ही चॅनेल मोजले तर इथल्या उन्हाने आणि इथल्या कपाटांनी घडवलेला खरा रंग हाती येईल. ज्यांना मुलाच्या लग्नाचा अल्बम आईवडिलांच्या अल्बमशेजारी ठेवायचा आहे त्यांना तो वापरता येईल, आणि संग्रह करणाऱ्यांना तीच मोजमापं पुराव्यासारखी उपयोगी पडतील. सुरुवातीला लागतो तो एक साधा फ्लॅटबेड स्कॅनर. ६०० डीपीआय, ऑटो करेक्शन बंद, फाइल टिफ. फोटो फ्रेममधून बाहेर काढायचा आणि पुठ्ठ्याखाली दबलेली कडेची पट्टी कापू द्यायची नाही. आत्याच्या लग्नाच्या फोटोतली ती हिरवी बाही मी अशीच स्कॅन करून ठेवली आहे.